प्रसिद्ध, थोर आणि कुटुंबवत्सल

आमच्या भागात माणूस गेला की तिसऱ्या दिवसाच्या आत फ्लेक्स लागतो. त्यावर विशेषणं ठरलेली असतात: प्रसिद्ध उद्योजक, थोर समाजसेवक, कुटुंबवत्सल. गेलेला वीटभट्टीवाला असो की भुसार दुकानदार, तीन म्हणजे तीन. त्यातून आमचा कन्हेरीचा मारुती. पवारांच्या प्रचाराचा पहिला नारळ त्याच्यापुढं फुटतो, त्यामुळे या गावाला फ्लेक्सचा दुष्काळ कसा तो माहीत नाही.

इथून इंदापूरच्या अंगाला निघालं की काटेवाडी, भवानीनगर मागं पडतं आणि जंक्शन नावाचं गाव लागतं. रेल्वे नाही, पण जंक्शन आहे. तिथून आत वळलं की वालचंदनगर. ती तीन विशेषणं शेठ वालचंद हिराचंदांना लावून बघावीत, असं मला तिकडं जाताना हटकून वाटतं.

पहिल्याला अडचण नाही. १८८२ साली सोलापुरात जन्म. घरची सावकारी आणि कापसाचा व्यापार, पण पोराचं मन त्यात रमेना. फाटक नावाच्या रेल्वेतल्या माजी कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी रुळांची कंत्राटं घेतली. पुढं बोरघाटातले बोगदे. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजींबरोबर सिंदिया कंपनी काढली आणि ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला धाडली. विमानाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९३९ मध्ये प्रवासात त्यांची एका अमेरिकन माणसाशी गाठ पडली, आणि पुढच्या वर्षी बंगळूरला विमानांचा कारखाना उभा! आपण एस.टी.त शेजाऱ्याला ‘कुठवर?’ एवढंच विचारतो. त्यानं उत्तर दिलं तरी पिशवी मांडीवर घेऊन झोपतो.

समाजसेवक म्हटल्यावर मात्र शेठजी स्वतःच चमकले असते. कळंबजवळच्या उजाड माळावर त्यांनी ऊस उभा केला, कारखाना घातला, कामगारांसाठी वसाहत वसवली. यात नफा बघितला नाही असं कोण म्हणेल? शेठ होते, संत नव्हते. पण दानशूराच्या दारात रांग लागते, इथं भोंगा वाजला की हजेरी लागायची. रांगेतला माणूस मान खाली घालून उभा असतो. हजेरीवरचा महिनाअखेरीला पगाराबद्दल भांडतोसुद्धा. मला हा फरक मोठा वाटतो. दुष्काळी गावात ‘पोरगा वालचंदनगरला आहे, क्वार्टर मिळालीय’ एवढं म्हटलं की मुलीचा बाप पत्रिकेचा आग्रह सोडून द्यायचा. एवढी सेवा भल्याभल्या विवाहमंडळांना जमली नसेल. त्याच कारखान्यात पुढं साखरेच्या यंत्रांबरोबर इस्रोच्या रॉकेटचे भाग घडले. मंगळ कडक असलेल्या स्थळांनीही तेव्हा जरा दम धरला असावा.

राहिलं कुटुंबवत्सल. बोगदे, बोटी, विमानं आणि मोटारी यांच्यामागं धावणारा माणूस संध्याकाळी ताट मांडायच्या वेळी घरी असेल, यावर माझा विश्वास नाही. पण गुलाबचंद, रतनचंद, लालचंद या भावांना त्यांनी धंद्यात ओढलं. आपल्याकडं भाऊ धंद्यात आले की वाटणीचा दावा येतो. इथं कारखाने वाढत गेले. पुढं अर्धांगाचा झटका आला आणि १९५० मध्ये त्यांना कारभारातून निवृत्त व्हावं लागलं. त्या दिवसांत पत्नी कस्तुरबाईंनी त्यांचं सगळं केलं. एप्रिल १९५३ मध्ये गुजरातेत सिद्धपूरला ते गेले. तेव्हा वत्सल कोण, हे फ्लेक्स रंगवणाऱ्यानं नीट विचारून घ्यावं.

लालचंदांचे चिरंजीव विनोद दोशी यांच्याकडं प्रीमियर मोटारींचा कारखाना आला. मोटारी सांभाळता सांभाळता ते नाटकवाल्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या नावानं पुण्यात नाट्यमहोत्सव भरू लागला. त्या मोटारी आता रस्त्यावर दिसत नाहीत, तरुण मंडळींची नाटकं मात्र होतात. काकांनी हा खर्च कुठल्या खात्यात टाकला असता, हे त्यांच्या मुनीमजींनाच विचारायला हवं.