बुधवारची दिवाळी पहाट

तारीख चुकली म्हणून मी आयुष्यात किती लोकांचे चेक परत केले असतील, याची मोजदाद नाही. बँकेत ३२ वर्षं काढली, समोरचा माणूस घाम पुसत उभा असायचा आणि मी चष्म्यावरून बघत म्हणायचो, "जरा कॅलेंडर बघून लिहीत जा हो." त्यांच्यापैकीच कुणाचा तरी तळतळाट २०२४ च्या दिवाळीत मला लागला असणार.

त्याचं असं झालं. आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला. पहिली अंघोळ झाली की डोंबिवलीतला तरुण माणूस घरात सापडत नाही. तो नवा झब्बा घालून फडके रोडवर जातो, गणपतीचं दर्शन घेतो आणि मग दर्शन द्यायला रस्त्यावर उभा राहतो. (आम्हीही राहायचो. त्यातूनच संसार झाला.) मागे उरतात ते गुडघेवाले. या गुडघेवाल्यांसाठी आवारातच दिवाळी पहाट करायची असं कमिटीत ठरलं, आणि प्रसिद्धी कोण करणार असं विचारल्यावर सगळे आपापल्या चहाच्या कपात बघू लागले, तेव्हा "हल्ली काय, सगळं मोबाइलवर होतं" एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निसटलं. सेक्रेटरींनी ते मिनिट बुकात लिहून घेतलं.

पोस्टर मी दोन रात्री जागून केलं. पणत्या घातल्या, आकाशकंदील घातला, तबला घातला, गायिकाबाईंनी पाठवलेला पासपोर्ट साइज फोटो घातला आणि एक मोर घातला. मोर का, ते विचारू नका, फुकट होता. ते घेऊन फ्लेक्सवाल्याकडे गेलो. दुकानातल्या मुलाने फाइल मागितली, तर मी मोबाइलच्या पडद्याचाच फोटो काढून त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला.

"काका, याला रिझोल्यूशनच नाही."

"ते आम्ही एक जानेवारीला करतो," मी म्हणालो. तो हसला नाही.

त्याने अक्षरं नव्याने टाइप केली. पण त्याच्या सॉफ्टवेअरला मराठी पहिली वेलांटी कुठे टेकवायची ते ठाऊक नव्हतं. 'दिवाळी'मधली वेलांटी 'द' सोडून 'व'च्या अंगाशी जाऊन बसली आणि आठ बाय चारच्या प्रूफवर झळकलं, 'दविाळी पहाट'. आमच्या सोसायटीत निवृत्त मराठीच्या बाई दोन आहेत. दोघी पहिल्या मजल्यावर, दोघींच्या खिडक्या गेटकडे. मला घाम फुटला. वेलांटी ओढून जागेवर आणली तर 'निमंत्रण'मधली निसटली, ती पकडली तर 'गायिका'मधली पळाली. तीन वेळा प्रूफ तपासलं. तिन्ही वेळा वेलांट्याच तपासल्या.

फ्लेक्स गेटवर चढला. पडद्यावरचं केशरी छापताना विटकरी झालं होतं आणि पासपोर्ट फोटो तीन फुटांचा केल्यामुळे गायिकाबाई चौकोनाचौकोनांच्या झाल्या होत्या. "या बाईंचा चेहरा का लपवलाय?" हिने विचारलं. "बातम्यांत आरोपीचा लपवतात तसा?"

पण प्रचारात मी कसूर ठेवली नाही. लिफ्टमध्ये कागद, नोटीस बोर्डावर कागद, पेपरमध्ये घालून चिठ्ठ्या, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ मीच रचलेली ओळ: 'फडके रोडवर उभे राहाल, इथे बसून ऐकाल!' दोन जण ग्रुप सोडून गेले. सेक्रेटरी मात्र खूश होते. "मानलं तुम्हाला," ते म्हणाले, "बरोब्बर भाकड दिवस शोधून काढलात." मला काही कळलं नाही. पण कौतुक कळेपर्यंत थांबायचं नसतं, म्हणून मी हसलो.

आता तो भाकड दिवस समजून घ्या. धनत्रयोदशी मंगळवारी, २९ ऑक्टोबरला होती. त्रयोदशीनंतर चतुर्दशी, म्हणून मी पोस्टरवर टाकलं, बुधवार, ३०. बँकेतला साधा हिशोब. पण तिथी बँकेत नोकरीला नसतात. त्या वर्षी त्रयोदशी ३० च्या दुपारपर्यंत लांबली आणि पहिली अंघोळ गुरुवारी, ३१ ला गेली. हे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर स्पष्ट छापलेलं होतं. मी त्यात फक्त दुधाचे खाडे बघतो. आणि गायिकाबाईंना फोनवर मी तारीख सांगितलीच नव्हती. म्हटलं होतं, "नरक चतुर्दशीच्या पहाटे या."

बुधवारी पहाटे चारला उठून मी हिच्याकडे उटणं मागितलं. "अहो, उटणं उद्या," ही कूस बदलत म्हणाली. मला वाटलं, झोपेत आहे.

साडेपाचला आवारातल्या ऐंशीच्या ऐंशी खुर्च्या भरलेल्या. सोसायटीच्या इतिहासात वार्षिक सभेला कधी कोरम झालेला नाही, आणि इथे लोक शाली पांघरून, थर्मास घेऊन, कवळ्या बसवून वेळेवर हजर! मी त्या गर्दीकडे बघत होतो आणि मला माझाच अभिमान वाटत होता. सहा वाजले. सव्वासहा वाजले. मग मी गायिकाबाईंना फोन लावला.

"नरक चतुर्दशीला ना?" झोपाळलेला, पण सुरातला आवाज. "ती उद्या."

पुढचा दीड तास मी विस्ताराने सांगत नाही. तळमजल्यावरच्या काकांनी भूप गायला. तो बहुधा भूपच होता. तिसरीतल्या एका मुलाने एकोणतीसचा पाढा म्हटला आणि त्याला वन्स मोअर मिळाला. फराळाची ऑर्डर आदल्या संध्याकाळी आलीच नव्हती, कारण आचाऱ्यालाही मी 'चतुर्दशीला' असंच सांगितलं होतं. तेव्हा आमच्या घरातला चिवडा, शंकरपाळे आणि चकल्यांचे दोन डबे खाली गेले. करंज्या अजून तळायच्या होत्या, म्हणून वाचल्या. आभार मानायला मला उभं केलं. कुणाचे मानायचे ते कुणीच सांगितलं नाही.

गुरुवारी बाई आल्या आणि फार सुंदर गायल्या. ऐकायला मी, ही, वॉचमन आणि मराठीच्या दोन बाई. बाकीच्यांचं म्हणणं, "कार्यक्रम कालच झाला ना?" आणि ते फडके रोडला गेले होते, गुडघ्यांसकट.

फ्लेक्स मजबूत निघाला. सध्या आमच्या गॅलरीत कुंड्यांवर पावसासाठी बांधलाय. तुमच्याकडे काही कार्यक्रम असेल तर निःसंकोच कळवा, पोस्टर आनंदाने करून देईन. तारीख तेवढी तुमची तुम्ही घाला.