एका डॉलरचे शेठ

रँडॉल्फ ड्यूक आणि मॉर्टिमर ड्यूक हे फिलाडेल्फियातले दोन सख्खे भाऊ. वय उताराला लागलेलं, धंदा वायदेबाजारातल्या दलालीचा, पेढीचं नाव ‘ड्यूक अँड ड्यूक’. नाताळ जवळ आलेला. हेरिटेज क्लबात एझ्रा नावाचा नोकर त्यांच्या पुढ्यात येतो आणि त्याच्या हातावर वर्षाची बक्षिसी ठेवली जाते : पाच डॉलर. एक भाऊ नोट देतो आणि दुसरा लगेच आठवण करून देतो, की त्यातले निम्मे आपले आहेत. एझ्रा नोटेकडे पाहतो आणि म्हणतो, सिनेमाला जाईन बहुतेक. एकटाच.

जॉन लँडिस यांच्या १९८३ सालच्या ‘ट्रेडिंग प्लेसेस’मधला हा प्रसंग डोळ्याचं पातं लवेतो संपतो. पण श्रीमंतांच्या एका पोटजातीची अख्खी कुंडली त्यात मांडलेली आहे.

ही जात उधळ्यांची नव्हे. उधळ्या श्रीमंताची टिंगल कुणालाही करता येते. ड्यूक जातीचा शेठ मात्र काटकसरी असतो, आणि पैसे कमी पडतात म्हणून तो काटकसर करत नाही. काटकसरीमुळे आपलं चारित्र्य टिकून आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. तेलसम्राट जे. पॉल गेटी यांनी इंग्लंडमधल्या आपल्या सटन प्लेस या वाड्यात पाहुण्यांसाठी नाणं टाकून बोलायचा फोन बसवला होता. १९७३ मध्ये नातवाचं अपहरण झालं, तेव्हा खंडणीतला करातून वजा होण्याजोगा हिस्सा त्यांनी स्वतः भरला आणि उरलेली रक्कम मुलाला कर्जाऊ दिली, चार टक्के व्याजाने. टेक्सासचे नेल्सन बंकर हंट जगातल्या धनाढ्यांत मोजले जायचे, पण विमानाचं तिकीट काढायचे सर्वांत स्वस्त वर्गाचं. अशा मंडळींच्या रांगेत ड्यूक बंधूंचे पाच डॉलर म्हणजे दानशूरपणाच म्हणायला हवा.

खिसा आखडता असला तरी करमणूक लागतेच. शेठजींची करमणूक म्हणजे तत्त्वचर्चा. माणूस घडतो तो रक्ताने की परिस्थितीने? मॉर्टिमर रक्तवाला. चांगल्या घराण्यातलं पोर कुठेही टाका, ते तरेलच, हा त्याचा सिद्धांत. रँडॉल्फ परिस्थितीवाला, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सुधारक. निकाल लावायला दोघं पैज मारतात. पेढीचा तरुण व्यवस्थापक लुई विन्थॉर्प (डॅन अ‍ॅक्रॉइड) याला चोरीच्या आळात अडकवून रस्त्यावर आणायचं, आणि अंधळा-पांगळा सैनिक असल्याचं सोंग करून भीक मागणारा कृष्णवर्णीय बिली रे व्हॅलेंटाइन (एडी मर्फी) याला त्याच्या खुर्चीत बसवायचं. विन्थॉर्पची नोकरी जाते, घर जातं, बँकेतलं खातं गोठतं, वाग्दत्त वधू तोंड फिरवते. पैजेची रक्कम : एक डॉलर.

हा एक डॉलर फार बोलका आहे. लाखाची पैज लावली असती तर त्याला जुगार म्हणावं लागलं असतं. एक डॉलर लावला की तो प्रयोग ठरतो आणि लावणारा विचारवंत. दुसऱ्याच्या आयुष्याची किंमत हिशेबात धरायचीच नसते, त्यामुळे सगळा खेळ स्वस्तात आटोपतो.

व्हॅलेंटाइनला धंदा शिकवायला दोघं भाऊ टेबलावर माल मांडून बसतात. कॉफी, गहू, डुकराचं मांस, संत्र्याचा रस. यांचे भाव चढोत की पडोत, गिऱ्हाइकाने सौदा केला की पेढीची दलाली पक्की. व्हॅलेंटाइन सगळं मन लावून ऐकतो आणि म्हणतो, म्हणजे तुम्ही बुकीच की! मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमधून तारेने येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावांवर मुंबईत आकडा लावला जायचा; ते भाव १९६१ मध्ये बंद झाले आणि आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यातून निघू लागल्या, म्हणून मटका. त्याच कॉटन एक्स्चेंजमध्ये १९६६ पासून गोठवलेल्या संत्रारसाचे वायदे सुरू झाले, ज्यांच्यावर या चित्रपटाचा शेवट उभा आहे. एकाच बाजाराच्या भावांवर इकडे खेळणाऱ्याला पोलीस धरायचे आणि तिकडे खेळणाऱ्याला क्लबाचं सभासदत्व मिळायचं.

चित्रपट पुन्हा पाहताना मॉर्टिमरचा राग फारसा येत नाही. तो उघड उघड वर्णद्वेष्टा आहे, त्यात लपवाछपवी नाही. खरा नमुना रँडॉल्फ. त्याचा सिद्धांत खरा ठरतो, व्हॅलेंटाइन पेढी उत्तम चालवून दाखवतो, मॉर्टिमर डॉलर काढून देतो. मग मॉर्टिमर विचारतो, एका काळ्याच्या हाती मी आपली पेढी देईन असं तुला वाटलं तरी कसं? आणि सुधारक भाऊ क्षणाचाही विलंब न लावता सांगतो, छे, मीही देणार नाही. माणसं समान असतात, हे रँडॉल्फने शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध केलेलं आहे. फक्त ते अमलात आणायचं त्याच्या डोक्यात कधीच नव्हतं. असे रँडॉल्फ परिसंवादांच्या अध्यक्षस्थानी हमखास भेटतात. स्वच्छतागृहात चाललेलं हे संभाषण आतल्या खोलीत बसलेला व्हॅलेंटाइन ऐकतो, आणि तिथून डाव उलटतो.

राल्फ बेलामी (रँडॉल्फ) आणि डॉन अमिची (मॉर्टिमर) या जुन्या नटांना या भूमिका देण्यात मोठी चतुराई होती. बेलामी १९३७ च्या ‘द ऑफुल ट्रूथ’मध्ये आणि १९४० च्या ‘हिज गर्ल फ्रायडे’मध्ये नायिका हातची घालवणारा सज्जन गृहस्थ होता. अमिचीने १९३९ मध्ये टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची भूमिका केली होती. शिवी देणं त्याला इतकं जड जायचं, की शेवटची सणसणीत शिवी आपण एकदाच देऊ, दुसरा टेक नाही, असं त्याने बजावलं होतं, असं लँडिस सांगतात. मॉर्टिमर त्यामुळेच जास्त बोचतो. तोंडाळ माणसाच्या शिवीला एवढी धार नसते.

चित्रपटात खोट नाही असं नाही. आगगाडीतल्या प्रसंगात अ‍ॅक्रॉइड चेहऱ्याला काळा रंग फासून येतो, ते आज बघवत नाही. त्याच गाडीतल्या गोरिलाचा विनोद तेव्हाही हीनच होता. आणि शेवटी दोन्ही नायक समुद्रकिनारी लोळतात, म्हणजे श्रीमंतीचे नियम तेच राहतात आणि माणसं तेवढी बदलतात. एझ्राचं पुढे काय झालं, कुणी विचारत नाही.

तरी तो शेवट पुन्हापुन्हा बघावा असा आहे. ड्यूक बंधूंनी सरकारी पीक अहवाल चोरून मागवलेला असतो. तो वाटेत बदलून खोटा त्यांच्या हाती दिला जातो. पीक बुडालं समजून ते संत्रारस मिळेल त्या भावाने उचलतात. विन्थॉर्प आणि व्हॅलेंटाइन १४२ सेंटला आधी विकतात आणि खरा अहवाल जाहीर होऊन बाजार कोसळल्यावर २९ ला परत घेतात. ड्यूकांकडे ३९ कोटी ४० लाख डॉलर तिथल्या तिथे मागितले जातात. फुटलेल्या सरकारी माहितीवर वायद्यांचा खेळ करण्याला अमेरिकेत त्या काळी कायद्याने आडकाठी नव्हती. ती २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याच्या कलम ७४६ ने आली, आणि बाजारात त्या कलमाला ‘एडी मर्फी रूल’ म्हणतात.

हे सगळं हवेतून आणलेलं नव्हतं. बंकर हंट आणि त्यांच्या भावाने जगातली चांदी गोळा करायचा घाट घातला होता. जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास गेला, आणि २७ मार्चला अकराच्या खाली आला. १९८८ मध्ये मर्फीच्या ‘कमिंग टू अमेरिका’त ड्यूक बंधू पुन्हा दिसले, न्यूयॉर्कच्या फुटपाथवर. बंकर हंट यांनी दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला, तोही १९८८ मध्येच.