नादखुळ्यांची दरख्वास्त

करवीरनगरीला व्यसनमुक्तीचा उपदेश करण्याचे धाडस आजवर ज्या ज्या सुधारकांनी केले, त्यांची पहिली पंचाईत अशी झाली, की ज्या गावात एखाद्या छंदापायी घरदार विसरणाऱ्याला ‘नादखुळा’ हा किताब कौतुकाने बहाल होतो, तेथे नाद हा दुर्गुण आहे हे पटवून द्यायचे तरी कोणाला? कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद, कबुतरांचा नाद, तांबड्या-पांढऱ्याचा नाद. दरबारापासून तालमीपर्यंत सर्वांनी तो पोसला, आणि राजर्षी शाहू महाराजांनी तर कुस्तीसाठी खासबागेचे प्रशस्त मैदानच बांधून घेतले, जे १९१२ साली पूर्ण झाले. असे एकाहून एक नाद पचवून वर ढेकर देणाऱ्या या गावाला तळहाताएवढ्या काचेने चितपट करावे, याचे मात्र सखेद आश्चर्य वाटते.

याचे कारण शोधण्यासाठी फार दूर जाण्याची तसदी घ्यावी लागत नाही, गंगावेशीपर्यंत जावे. तेथील दूधकट्ट्यावर सांज झाली की म्हशी येऊन उभ्या राहतात, गवळी उकिडवा बसून कासेखाली पेला धरतो, धारेचा आवाज आधी पितळी आणि मग मऊ होत जातो, फेस काठावर चढतो, आणि गिऱ्हाईक उभ्या उभ्या तो ओठांनी फोडून पेला रिकामा करते. दुसरा पेला घेणारे पुष्कळ, तिसरा घेणारा बहुधा पैलवान. चौथ्याच्या वेळी मात्र म्हैस स्वतःच नकार देते. कास आटते, ती पाय झाडते, आणि तिचा हा निवाडा अपिलावाचून मान्य होतो. खासबागेतही एकाची पाठ मातीला लागली की जोड संपे आणि रात्र पडेपर्यंत मंडळी आपापल्या पेठेत पोहोचत. जुन्या नादांत संयम होता अशी थाप मी मारणार नाही. त्यांत म्हैस होती, इतकेच.

ही पाय झाडणारी म्हैस यंत्रातून हद्दपार करण्याची तजवीज २००६ साली अझा रास्किन नावाच्या एका अमेरिकी कारागिराने केली. तोवर पडद्यावरचे पान संपले की पुढच्या पानासाठी कळ दाबावी लागे, आणि तेवढ्या निमिषात मनुष्याला तहान, कचेरीची वेळ किंवा क्वचित स्वतःची पत्नी आठवण्याचा संभव असे. रास्किनसाहेबांनी पानाला शेवटच ठेवला नाही. अंगठा सरकवीत राहावे आणि मजकूर येत राहावा. पुढे त्यांनी या शोधाबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला; परंतु खेदाचे ते निवेदनदेखील कित्येकांच्या अंगठ्याखालून वर निघून गेले असणार.

आता नुसते न संपणारे काही मनुष्याला खिळवून ठेवतेच असे नाही. ते तसे असते तर महापालिकेच्या सर्वसाधारण सभेलाही गर्दी लोटली असती. या मामल्याची दुसरी किल्ली कबुतरांपाशी सापडते. आमच्याकडे कबुतरांचा नाद असलेले गृहस्थ ती आकाशात सोडतात आणि मान दुखेपर्यंत वर पाहत बसतात. अमेरिकेतल्या स्किनर नामक पंडिताने ती पेटीत कोंडली आणि चोच मारण्यास समोर एक चकती ठेवली. ठरावीक टोच्यांनंतर दाणा मिळतो हे कळले की कबुतर दाणा खाऊन अंमळ विसावे. पण दाणा कधी तिसऱ्या टोच्याला तर कधी तिनशेव्या टोच्याला पडू लागला, की ते विसावा विसरून टोचतच राही. १९५७ साली स्किनर आणि त्यांचे सहकारी फर्स्टर यांनी याविषयी जो भलाजंगी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आमच्या मटकेवाल्यांना वाचण्याची गरज नव्हती. त्यांना तो उपजतच ठाऊक होता. मात्र मटक्याचा आकडा ओपन आणि क्लोज अशा नेमल्या वेळीच फुटे, आणि मधल्या अवधीत माणूस निदान पोटाचा धंदा करी. अंगठ्याखालचा आकडा क्षणाक्षणाला फुटतो. पुढे काय येईल, पांढऱ्या रश्श्याची कृती, नेत्याची घसरलेली जीभ, की व्याह्यांनी नव्या मोटारीला घातलेला हार, याचा थांग नसल्यामुळेच हात मागे येत नाही.

आणि हे सारे फुकट. मिसळीच्या दुकानात कट मागाल तितका वाढतात, पोऱ्या भांडे घेऊन फिरतच असतो. हिशेब होतो तो पावांचा. हा न संपणारा मजकूर पुरवणाऱ्या समुद्रापलीकडच्या सावकारांनी कट मनमुराद वाढला आणि पावांच्या जागी आमच्या संध्याकाळी मोजल्या. कोणत्या पैठणीवर नजर रेंगाळली, कोठे अंगठा अडखळला, याची बारनिशी तेथे चोख ठेवली जाते आणि तिच्या आधारे जाहिरातींचा लिलाव पुकारला जातो.

बंदीचा उपाय सुचवणाऱ्यांनी पानपट्टीवर पाच मिनिटे उभे राहावे. २०१२ साली राज्यात गुटख्याला बंदी झाली; प्लॅस्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू आणि चुना घासून मावा करणाऱ्या हातांचा वेग तेव्हापासून मंदावल्याचे ऐकिवात नाही. त्यापेक्षा शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव शहाणे निघाले. तेथील ग्रामसभेने २०२२ साली ठराव केला, आणि संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद, मुले पुस्तकांपाशी, असा परिपाठ घालून दिला. म्हणजे माणसांना जी जमली नाही ती म्हैस त्यांनी कर्ण्याच्या रूपाने देवळावर बांधली.

हाच भोंगा कोल्हापुरात आणावा, अशी माझी नम्र दरख्वास्त आहे. तिचे पुढे काय होईल हेही मला दिसते. ठरावाला विरोध होणार नाही; सवलती तेवढ्या मागितल्या जातील. फुटबॉलच्या हंगामात भोंगा तहकूब असावा. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाहण्यापुरता मोबाईल उघडण्याची मुभा असावी, कारण इशारा एकोणचाळीस फुटांना आणि धोका त्रेचाळीसला; आणि एकदा तो उघडलाच आहे तर मधल्या चार फुटांत माणसाने करायचे काय? भोंग्याचे उद्घाटन सर्वांना घरबसल्या थेट पाहता यावे, एवढ्यासाठी त्या दिवशी बंदी शिथिल करावी. इतक्या दुरुस्त्यांनिशी ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होईल, खर्चाची तरतूद होईल, कंत्राटदारही मिळेल. आणि मग भोंगा शिवाजी पेठेत बसवायचा की मंगळवार पेठेत, या प्रश्नावर तो पुढील सभेपर्यंत गोदामात राहील.