खरी मजा पुढे आहे

परदेशी स्थायिक झालेला एक मराठी माणूस वीस वर्षं राहूनही कुकरच्या तीन शिट्ट्यांत सुखी असतो. त्याच्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. दुसरा मात्र नव्या गावावर असा जीव टाकतो की तिथल्या गावकऱ्यांनाच संकोच वाटावा. सेव्हियातला माझा मित्र या जातीचा. मूळचा ओझरचा. वडील विमानांच्या कारखान्यात होते, हा स्पेनमध्ये विमानांच्याच कारखान्यात आहे. पण नोकरी हा त्याचा जोडधंदा. मुख्य धंदा म्हणजे आलेल्या पाहुण्याला संध्याकाळी टापास खायला नेणं. नेतो भरपूर. खाणं त्या मानाने बेताचं होतं.

टापास म्हणजे बशीभर, खरं तर चार घासांचे पदार्थ. काउंटरशी उभं राहून, हातातल्या पेल्याबरोबर खायचे आणि पुढच्या बारकडे चालू पडायचं. मे महिन्यात तिथे सूर्य मावळतो साडेनऊच्या सुमारास, आणि स्वयंपाकघरं जागी होतात साडेआठनंतर. मला सातलाच भूक लागली होती. तसं म्हटल्यावर त्याने आधी मागे-पुढे कोणी ऐकलं नाही ना हे पाहिलं. "सातला इथे फक्त टूरिस्ट जेवतात," तो हळूच म्हणाला. मी टूरिस्टच होतो, पण ते त्याला चालणार नव्हतं.

पहिल्या बारमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. रांग हा प्रकार तिथे नाहीच. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस ज्या आत्मविश्वासाने वागतो, त्याच आत्मविश्वासाने याने दोन खांद्यांमधून कोपर घातलं आणि काउंटर गाठला. छताला डुकराच्या तंगड्या ओळीने टांगलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला चरबीचा थेंब झेलायला एक चिमुकली वाटी खोचलेली. वेटरने याच्या पाठीवर थाप मारली. "बघितलंस? आपला माणूस आहे." पुढच्या पाच मिनिटांत त्या आपल्या माणसाने माझ्या, एका जर्मन आजोबांच्या आणि दोन पोस्टमनच्या पाठीवर तशीच थाप मारली.

हंगाम गोगलगायींचा होता. ग्लासभर गरम रश्शात नखाएवढ्या गोगलगायी. याने एक उचलली, ओठांशी नेली, सुर्रकन ओढली आणि डोळे मिटले. मी मेनूत दुसरं काही शोधतोय हे त्याला मिटल्या डोळ्यांनीही कळलं. "इथे फक्त गोगलगाय. सोलोमियो इथे खाल्लास तर आपली मैत्री संपली. तो पुढे." सोलोमियो म्हणजे डुकराचं कोवळं मांस.

हे 'पुढे' या माणसाचं दैवत आहे. असे लोक मुंबईतही भेटतात. मिसळ मागवावी तर रस्सा म्हणे दुसरीकडचा खावा, आणि दुसरीकडे गेलं की चहा मात्र तिसरीकडे. फरक इतकाच की मुंबईत अशा माणसाला आपण वेळ नाही म्हणून टाळू शकतो. सेव्हियात तो आपला यजमान असतो आणि घराची किल्ली त्याच्या खिशात असते.

पुढे म्हणजे एल रिंकोन्सीयो. स्थापना 1670. ते सांगताना तो थांबला, आणि हा विराम त्याने आजवर प्रत्येक मराठी पाहुण्यासमोर घेतला असणार. "1670. म्हणजे तिकडे तानाजी सिंहगड चढत होता, त्या साली इकडे यांनी दुकान उघडलं." तिथला वेटर हिशेब कागदावर लिहीत नाही. तुमच्या समोरच्या लाकडी काउंटरवरच खडूने आकडे मांडत जातो आणि पैसे मिळाले की ओल्या फडक्याने पुसून टाकतो. मला ती पद्धत फार आवडली. उधारी ठेवायची म्हटली तर आख्खा काउंटर ठेवून घ्यावा लागेल.

तिथली खासियत पालक आणि हरभरे. मी घास घेतला. जिरं, लसूण, मऊ शिजलेला हरभरा. इतका प्रवास करून मी पालक-छोले खात होतो, पण तसं बोलण्याची सोय नव्हती. "पालक स्पेनमध्ये अरबांनी आणला," तो म्हणाला, आणि मग टापासची जन्मकथा सुरू झाली. कोण्या राजाच्या पेल्यात वाऱ्याने वाळू उडू नये म्हणून त्यावर हॅमचा काप झाकला, ती. ही दंतकथा तो दोन वेगवेगळ्या राजांवर सांगतो. राजा बदलतो, हॅम तेच. मित्राची काकू आली होती तेव्हा तिने मांस नको म्हटल्यावर तिला ट्यूना घातलेलं सॅलड मिळालं होतं. त्या प्रसंगातही याने वेटरचीच बाजू घेतली.

मग सोलोमियोसाठी त्रियाना, नदीपलीकडे. "दहा मिनिटं." ती पंचवीस झाली. 1852 साली पुरा झालेल्या लोखंडी पुलावर उभं करून त्याने मला पुलाचाही इतिहास ऐकवला. मी रेलिंगला धरून ऐकला, कारण पोटात दोन बारचे मिळून सहा-सात घास होते.

पलीकडच्या चौकात एका टेबलाशी त्याच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा बसले होते. जन्म त्रियानातला. समोर सोलोमियोची मोठी बशी, व्हिस्की-लसणाच्या रश्शात डुंबलेली. ते रोज इथेच येतात, याच खुर्चीवर बसतात आणि पोट भरलं की घरी जातात, असं कळलं. "आळशी आहेत," मित्र मराठीत म्हणाला. "इथल्या लोकांना टापास कळतच नाही."

मी आजोबांशेजारची खुर्ची ओढली, बसलो आणि बोटाने त्यांची बशी दाखवली. वेटरला समजलं. मित्र उभाच. दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. शेवटी वेटरला वाट देण्यासाठी त्याला बसावंच लागलं, तेही खुर्चीच्या कडेवर. आजोबांनी सौजन्याने विचारलं, कुठे कुठे गेला होतात? याने सांगितलं, 1670. आजोबांनी मान डोलावली. मग याने स्पॅनिशमध्ये तानाजी काढला.

आजोबा पुढे सरसावले. नॅपकिनची डबी सिंहगड झाली, ऑलिव्हच्या बिया मावळे झाल्या. तिथे ब्रेडच्या छोट्या कुरकुरीत कांड्या मिळतात, त्यांना पिको म्हणतात, तशी एक पिको उचलून त्याने डबीला टेकवली. ती घोरपड. आजोबांना घोरपड कळेना, याला शब्द सापडेना, वेटर ट्रे घेऊन ऐकत थांबला. पिकोला दोर बांधायची वेळ आली तोवर मी त्याच्या वाट्याचा सोलोमियोही संपवला होता.