हनुवटीवरचा दिवा

भाच्यानं फोनवर तीनदा बजावलं होतं, "मामा, कॅमेरा हँडलला लावू नका. हेल्मेटच्या हनुवटीला लावा." पन्नाशीच्या माणसानं हनुवटीला लावायचं ते फार तर दाढीचा साबण. मी कोल्हापुरातच तो हँडलला आवळला. माईकमध्ये वारा शिरू नये म्हणून भांडी घासायचा कोरा स्पंज कापून रबरबँडनं वर बसवला आणि बेळगावचा कुंदा आणायला निघालो.

कागल मागं पडलं, दूधगंगेचा पूल ओलांडला, कर्नाटकात स्वागत असल्याचा मेसेज खिशात थरथरला. कोगनोळीच्या टोलनाक्यावर दुचाकीला कुणी विचारत नाही, तरी मी कॅमेऱ्याकडे बघून हसून घेतलं. निपाणीत तंबाखूचा खकाणा नाकात गेला आणि दोन शिंकाही रेकॉर्ड झाल्या. स्टँडजवळ चहा सांगून चित्रण उघडलं.

विजेचे खांब जिलबीसारखे वळवळत होते. समोरून येणारे ट्रक लोखंडाचे नव्हे, खरवसाचे वाटत होते.

याचं कारण मला नंतर कळलं. माझी गाडी एका सिलिंडरची. मिनिटाला चार हजार फेरे म्हणजे सेकंदाला सहासष्ट, आणि तो सगळा थरकाप दांडीतून थेट कॅमेऱ्यात. कॅमेरा चित्र एकदम घेत नाही. पोथी वाचावी तसा वरून खाली ओळ-ओळ वाचतो. वाचताना पोथीच हलली तर खांबाची जिलबी होणारच. आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चित्राच्या कडा कातरून खड्ड्यांचे मोठे हेलकावे सावरते, पण ही बारीक थरथर तिला आवरत नाही. २०२१ साली ॲपल कंपनीनंच सांगितलं होतं की मोठ्या इंजिनांच्या हादऱ्यांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, फोन थेट हँडलला बसवू नका. म्हणजे भाचा आणि ॲपल एका बाजूला, मी दुसऱ्या.

तसा हा कॅमेरा मोटरसायकलसाठी जन्मलाच नव्हता. निक वुडमन या अमेरिकन तरुणाला लाटांवर घसरताना स्वतःचे फोटो हवे होते. त्याच्या गोप्रो कंपनीचा पहिला कॅमेरा २००४ साली आला. तो मनगटाला बांधायचा होता आणि त्यात चक्क फिल्मचा रोल होता. त्याच साली महाराष्ट्रानं सीमाभागासाठी सुप्रीम कोर्टात दावा लावला, कारण १९५६ साली निपाणी-बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं होतं. गोप्रोनं २०१८ साली हायपरस्मूथ नावाची हादरे सावरणारी यंत्रणा आणून चित्र बऱ्यापैकी स्थिर केलं. दावा तर त्याहून स्थिर आहे. जागचा हललेला नाही.

"पावणं, ह्यो काय दिवा बसीवलाय?" शेजारी दूधवाले थांबले होते. गाडीला दोन्हीकडं दुधाचे कॅन.

"कॅमेरा आहे. पण चित्र हलतंय."

"कुठनं आलासा?"

"कोल्हापूर."

"मग हलणारच." त्यांनी वाकून माझा क्लॅम्प बघितला. "लोखंडाला लोखंड लावलाय न्हवं? हितं बगा." त्यांच्या कॅनच्या आकड्याखाली सायकलच्या ट्यूबच्या चार पदरी घड्या होत्या, घासून गुळगुळीत झालेल्या. "ह्ये नसलं तर घरला जाईपातूर दूध घुसळून लोणी हुतंय. तुमी काय लोण्याचा फोटू काढाय निघालासा?"

क्लॅम्पखाली ट्यूब घातली. गावातून एक चक्कर मारून पाहिलं. खांब सरळ झाले, ट्रक मात्र अजून थोडे खरवसच. मग मुकाट्यानं भाच्याचं ऐकलं. माणसाची मान हे देवानं दिलेलं शॉकॲब्जॉर्बर आहे. बुडाला बसलेला हादरा कंबर, पाठ आणि खांदे वाटून घेतात, हनुवटीपर्यंत फारसा पोचत नाही. शिवाय तिथून हँडल, आरसा, रस्ता असं सगळं दिसतं. फक्त चेहरा सोंड तोडलेल्या गणपतीसारखा होतो आणि चहाचा कप ओठांना लागत नाही. दुसरा चहा मी स्ट्रॉनं प्यायलो. निपाणीकरांनी तोही सोहळा शांतपणे पाहिला.

हेल्मेटला कॅमेरा चिकटवायच्या पट्टीच्या पाकिटावर लिहिलं होतं, पृष्ठभाग स्पिरिटनं पुसा आणि चोवीस तास थांबा. मी रुमालानं पुसून चोवीस मिनिटं थांबलो.

तवंदी घाटाच्या चढाला पट्टीनं हात सोडला. कॅमेऱ्याला दोरी बांधायची अक्कल होती म्हणून तो गेला नाही. पण ताइतासारखा छातीवर लोंबू लागला. मागं ट्रकांची रांग, थांबायला जागा नाही. हळूहळू वर आलो आणि मोकळ्या कडेला गाडी लावली.

त्या दिवसाचं सगळ्यात मुलायम चित्रण तेच आहे. सहा मिनिटं माझं पोट आणि शर्टाचं खालून तिसरं बटण. जरा हलत नाही. भाचा म्हणाला, स्टॅबिलायझेशन म्हणजे असं. कुंदा मात्र बेळगावहून नीट आला.

स्पंज वाटेत पडला. तवंदी घाटात कुणाला हिरव्या-पिवळ्या स्पंजचा तुकडा रबरबँडसकट सापडला तर कृपया ठेवून द्या. उरलेला अर्धा घरी आहे आणि बायको रोज विचारते.