चेनकाका

चेनकाकांना ओळखायचं असेल तर नखं बघावीत. सत्यनारायणाचं तीर्थ घ्यायला पुढे आलेल्या हातांत एका हाताच्या नखांखाली काळी रेघ दिसली की समजावं, आज रविवार आहे आणि सकाळी चेन झालेली आहे. ‘चेन झाली’ हे त्यांच्या घरातलं रोजचं बोलणं. चहा झाला, अंघोळ झाली, चेन झाली. फोनवर कोणी विचारलं, “भाऊजी आहेत का?” तर काकू सांगतात, “चेन चाललीय. तासाभरानं करा.” हात धुण्याचाही क्रम ठरलेला होता : आधी भांड्यांचा साबण, मग डाळीचं पीठ. पिठाचा डबा काकूंनी वरच्या फळीवर नेऊन ठेवला, तेव्हापासून पिठाच्या जागी साखर आली. आता काकू साखरही मोजून देतात.

हा नमुना नाशिकच्या बहुतेक सोसायट्यांत एकेक तरी आढळतो. गंगापूर रोडच्या भागात जरा जास्तच. वय साठ ते सत्तर. हयात सातपूर नाहीतर अंबडच्या एमआयडीसीत गेलेली, आणि तीही बहुधा टूलरूममध्ये किंवा इन्स्पेक्शनला. मायक्रॉनमध्ये मोजायची सवय लागलेला माणूस रिटायर होऊन घरी बसला की घरात त्याला मोजण्यासारखं फार काही सापडत नाही. पोळी कडेला जाड का, हे एकदाच विचारता येतं. दुसऱ्यांदा विचारायची हिंमत मायक्रॉनवाल्यातही नसते.

अशा वेळी साठीला मुलगा गिअरची सायकल घेऊन देतो. त्यालाही कारण घडलेलं असतं. २०१५ साली नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही जवळजवळ ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या टीमनं पूर्ण केली, आणि त्यानंतर पहाटेच्या रस्त्यांवर हेल्मेटंच हेल्मेटं दिसू लागली. मुलाला वाटतं, बाबा हिंडतील-फिरतील, शुगर आटोक्यात राहील. बाबा सायकलकडे बघतात, वाकतात आणि पहिलं वाक्य बोलतात, “अरे, हिची चेन उघडीच आहे!”

हा धक्का समजून घेतला पाहिजे. काका तरुणपणी बावीस इंची काळ्या सायकलवरून कारखान्यात जात. त्या सायकलची चेन लोखंडी चेनकव्हरात पूर्ण बंद असायची. आत काय चाललंय ते वर्षातून एकदा, ओव्हरहॉलिंगच्या दिवशी, फक्त सायकलवाल्याला कळायचं. मधल्या काळात चेन पडली तर पँटला काळं लागायचं, तेवढीच ओळख. गिअरच्या सायकलला तसं बंद कव्हर बसवता येत नाही, कारण चेनला मागच्या कॅसेटवर एका चक्रावरून दुसऱ्यावर आडवं सरकायचं असतं. म्हणजे रस्त्यावरची सगळी धूळ सरळ तेलावर. ज्या माणसानं पस्तीस वर्षं मशीनवर कव्हर नसेल तर ऑपरेटरला झापलं, त्याच्या दारात हे उघडं यंत्र येऊन उभं राहिलं. मग तो काय सोमेश्वरला फिरायला जाणार?

तसे ते जातात. सोमेश्वरपर्यंत जायचं, चहा घ्यायचा आणि परत यायचं. वाटेत रस्त्यावर पाणी साचलेलं दिसलं तर चहाही रद्द होतो. सायकल चालवल्यानं चेन घाण होते, ही सायकलच्या रचनेतली एकमेव चूक आहे असं त्यांचं मत आहे.

खरा कार्यक्रम रविवारी सकाळी पार्किंगमध्ये. त्याची तयारी शनिवारी संध्याकाळी सुरू होते. पहिली गोष्ट म्हणजे फडकं. टेरिकॉट चालत नाही, ते तेल पीत नाही, नुसतं पसरवतं. होजिअरीचा जुना बनियन सगळ्यांत उत्तम. त्याखालोखाल काकूंची धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी. ही दुसरी वस्तू मिळवताना काका जो विनय दाखवतात, तो त्यांनी मॅनेजमेंटपुढेही कधी दाखवला नसेल. दुसरी गोष्ट टूथब्रश. अख्ख्या बिल्डिंगमधले निवृत्त टूथब्रश त्यांच्याकडे जमा होतात. दाढेकडून झिजलेला ब्रश रोलरच्या फटीत नीट जातो, हे त्यांनी स्वतः काढलेलं अनुमान.

तिसरी गोष्ट रॉकेल. पूर्वी रेशनवर मिळायचं, घरोघरी कॅन असायचे, कोणी विचारत नसे. आता ते दिवस गेले. पेट्रोल काका वापरत नाहीत. पार्किंगमध्ये पेट्रोल उघडं ठेवणाऱ्याला त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं करून सुनावलेलं आहे. म्हणून दिंडोरीच्या भाच्याच्या ट्रॅक्टरमधून बाटलीभर डिझेल येतं. द्राक्षांच्या हंगामात भाच्याला वाटतं, मामा द्राक्षं खायला आले. मामा द्राक्षंही खातात.

हे डिझेल एकदा वापरून टाकून दिलं असं होत नाही. चेन काढून बाटलीत घालायची, झाकण घट्ट लावून खळखळवायची, काळं झालेलं डिझेल दुसऱ्या बाटलीत ओतून बाल्कनीत कोपऱ्यात उभं करून ठेवायचं. आठवडाभरात गाळ तळाला बसतो आणि वरचं निवळतं. ते पुढच्या रविवारी पहिल्या धुण्याला. ताजं फक्त शेवटच्या धुण्याला. बाल्कनीत अशा बाटल्या ओळीनं उभ्या असतात, प्रत्येकीवर तारीख, आणि खाली लाल अक्षरांत ‘पिऊ नये’. हे शेवटचं काकूंनी लिहिलंय. तळाचा गाळ गटारात ओतायचा नाही, हाही नियम. तो जुन्या फडक्यात टिपून गॅरेजवाल्याच्या ऑइलच्या डब्यात जातो. गॅरेजवाला हे का सहन करतो, कोणास ठाऊक.

चेन स्वच्छ झाली, सुकली, पुन्हा चढली की तेल. इथे काकांना प्रेक्षक लागतात, आणि पार्किंगमध्ये स्कूटर काढायला आलेला कोणीही प्रेक्षक होऊ शकतो. “ही पुली वगैरे नाही बरं का. १८८० साली मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड नावाच्या माणसानं ही रोलरची चेन आणली. आजही तुमची आठ हजाराची सायकल असो नाहीतर तीन लाखांची, पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच. अर्धा म्हणजे अर्धा!” मग प्रश्न येतो, “तेल कुठे लागतं?” प्रेक्षक म्हणतो, “चेनला.” काका डोळे मिटून घेतात. तेल चेनला लागत नाही. तेल लागतं पिन आणि रोलरच्या आत, जिथे लोखंडावर लोखंड फिरतं. बाहेर चकाकणारं तेल कामाचं नाही. ते फक्त धूळ बोलावतं, आणि तेलात कालवलेली धूळ पॉलिशपेपरचं काम करते. म्हणून प्रत्येक रोलरवर एक थेंब. पेडल उलटं फिरवायचं, तेल आत जाऊ द्यायचं, जमल्यास रात्रभर, आणि मग बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. “तेल घालणं हे दहा टक्के काम. पुसणं नव्वद टक्के.”

एका चेनला साधारण ११० ते ११६ कड्या. काकांच्या सायकलला ११४. म्हणजे ११४ थेंब, जोडाच्या कडीपासून सुरुवात करून तिथपर्यंत परत. या काळात त्यांच्याशी बोलायचं नसतं. एकदा सदुसष्टाव्या थेंबाला वॉचमननं विचारलं, “काका, पाण्याचा टँकर आत घेऊ का?” आकडा चुकला. काका पुसून पुन्हा एकपासून सुरू झाले. टँकर बाहेर, तिसरा मजला कोरडा. वर बाल्कनीतून काकू म्हणाल्या, “अहो, त्यापेक्षा जप केला असतात तर १०८ वर सुटका झाली असती.”

चेन बदलायची कधी, याचंही त्यांच्याकडे गणित आहे आणि ते फिटरच्या भाषेत आहे. स्टीलची पट्टी घ्यायची, एका पिनेवर शून्य धरायचं. नव्या चेनला चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. अर्धं सूत पुढे गेली की चेन बदला. एक सूत पुढे गेली तर उशीर झाला; आता कॅसेटचेही दात गेले, नवी चेन त्यांच्यावर घसरणार. लोक म्हणतात चेन ताणली. ताणत काही नाही, पिना झिजतात, आणि प्रत्येक पिनेची केसभर झीज चेनभर जमा होते. ही पट्टी काकांच्या खिशात असते. दुसऱ्याच्या सायकलजवळून जाताना त्यांचा हात आपोआप खिशाकडे जातो. लग्नाच्या हॉलबाहेर आचाऱ्याच्या पोऱ्याची सायकल त्यांनी मोजलेली मी पाहिली आहे. पाऊण सूत निघालं. काका जेवताना गप्प होते.

त्यांचे शत्रू ठरलेले आहेत. पहिला, गाडीतून काढलेलं काळं ऑइल चेनला घालणारा. त्यात इंजिनाचा सगळा कीस असतो. दुसरा, डब्ल्यूडी-४० मारून ‘ऑइलिंग केलं’ म्हणणारा. त्याला काका नावाचा अर्थ सांगतात : पाणी हाकलण्यासाठी केलेला चाळिसावा प्रयोग, १९५३ सालचा. गंज सोडवायला, घाण सैल करायला ठीक. पण चेनवर ते टिकत नाही, त्यावर तेल घालावंच लागतं. तिसरी होती दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाची आजी. तिनं नातवाच्या सायकलला प्रेमानं खोबरेल तेल घातलं. जूनमध्ये छान चाललं. डिसेंबरात नाशिकचा पारा उतरला आणि खोबरेल तर चोवीस अंशांच्या खालीच थिजतं. सकाळी शाळेत जाताना चेन पांढरी! काका आजीला काही बोलले नाहीत. वयाचा मान ठेवला. पण नातवाला बाजूला घेऊन शिलाई मशिनच्या तेलाची बाटली दिली आणि शपथ घ्यायला लावली.

आणि मग मेणाचं प्रकरण झालं. पाचव्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा, कार्बनची सायकल, ६०० किलोमीटरची ब्रेव्हे ही लांबची सायकलफेरी चाळीस तासांच्या आत मारणारा. तो म्हणाला, “काका, तेल सोडा. आता सगळे वॅक्स करतात.” चेनचं कारखान्यातलं ग्रीस पूर्ण काढायचं, पॅराफिनचं मेण पातेल्यात वितळवायचं, चेन त्यात बुडवायची, टांगून थंड करायची. मेण आत पिनांपाशी बसतं, बाहेर कोरडं राहतं, धूळ चिकटतच नाही. काकांना तर्क पटला. मेण उघड्या आचेवर ठेवायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात पातेलं ठेवून वितळवायचं, हेही त्यांनी बरोबर केलं. चुकलं ते पातेलं. ते दुधाचं होतं. त्यावर त्या घरात काय झालं ते पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं, इतकंच लिहितो.

पण खरी अडचण पुढे आली. मेण लावलेली चेन सुंदर चालली. आवाज नाही. पुढच्या रविवारी काका फडकं घेऊन खाली आले, चेनवरून फिरवलं, उलटून बघितलं. फडकं पांढरं. दुसऱ्या रविवारी पांढरं. तिसऱ्या रविवारी काका पार्किंगमध्ये खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. नखं स्वच्छ. काकूंनी आयटीवाल्या मुलाला जिन्यात गाठून विचारलं, “अरे, यांना काय झालंय? आज सकाळपासून दोनदा पोळ्यांबद्दल विचारलं.” चौथ्या रविवारी चेनवर पुन्हा तेल होतं. कारण विचारल्यावर काका म्हणाले, “मेण पावसात टिकत नाही.” हे खरं आहे. पण तेव्हा फेब्रुवारी चालू होता.

पावसाचा प्रश्न त्यांना खरोखर येतो तो पंढरपूरच्या सायकलवारीला. नाशिकहून ही वारी निघते तेव्हा काका सायकलवर नसतात, मागच्या टेम्पोत असतात; बरोबर डिझेलच्या बाटल्या, बनियन, थेंबाची बाटली. संध्याकाळी मुक्कामाला लोक पाय धुतात, आणि काका त्यांच्या उजव्या पोटऱ्या बघत फिरतात. पोटरीवर चेनव्हीलच्या दातांचा काळा ठसा उमटलेला असला की विचारतात, “तेल कधी घातलंत?” माणूस म्हणतो, “आजच सकाळी, भरपूर.” काका म्हणतात, “तेच. या इकडे.”

आमच्या पार्किंगमध्ये आता एकही चेन कुरकुरत नाही, हे त्यांचा छळ सोसणाऱ्यांनीही मान्य केलं पाहिजे. शाळकरी पोरांच्या सायकलींच्या चेन बदलायच्या वेळा पट्टीवर ठरतात आणि कॅसेट वाचते. तेव्हा तुमच्या सायकलचा आवाज येत असेल तर रविवारी साडेसातच्या आत खाली या. डिझेल दिंडोरीचं, तेल काकांचं, पैसे लागत नाहीत. फडकं मात्र आपापलं आणा, आणि सुतीच आणा.