नाण्याला दक्षिणा कोण देणार?

महाराष्ट्रात एका वर्गाचा जाच आता फार झाला आहे. माणूस बिचारा गंडा बांधून घेतो, अंगारा जिभेवर ठेवतो, छत्तीस गुण जुळवून लग्न करतो आणि पुढे त्याच गुरुजींकडे घटस्फोटाचा योग विचारायला जातो. सगळे कसे सुरळीत चाललेले असते. तेवढ्यात ही चिकित्सक मंडळी उगवतात आणि विचारतात, ‘कशावरून?’ चारचौघांत असे विचारतात का?

२००८ सालचीच गोष्ट घ्या. डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात ज्योतिषाची परीक्षा घ्यायचे ठरवले. ज्यांना ताऱ्यांचे फक्त वय आणि तापमान कळते, त्यांनी ताऱ्यांच्या मर्जीत नाक खुपसावे? सोबतीला सांख्यिकीचे प्रा. सुधाकर कुंटे, ज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर. त्यांनी २०० मुलांच्या कुंडल्या मांडल्या. १०० मुले अभ्यासात हुशार, १०० बौद्धिक अक्षमता असलेली. प्रत्येक ज्योतिष्याला ४० कुंडल्या दिल्या आणि कोणती कुठल्या गटातली एवढेच सांगायची विनंती केली. भविष्यही नाही, झालेली गोष्ट!

५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरे धाडली. उरलेल्या २४ जणांना निकाल आधीच दिसला असणार. तेव्हा त्यांचे भविष्यज्ञान पक्के मानायला हरकत नाही. बाकीच्यांची सरासरी ४६ टक्के निघाली. एका ज्योतिष संस्थेने मात्र सगळ्या २०० कुंडल्या तपासून १०२ बरोबर ओळखल्या. नाणे उडवले असते तर साधारण १०० बरोबर आल्या असत्या. म्हणजे हजारो वर्षांच्या शास्त्राने नाण्याला दोन गुणांनी चीत केले. तरीही या कोत्या मनाच्या माणसांनी पेढे वाटले नाहीत. पण सरासरीत नाणे पुढे राहिले, त्याला दक्षिणा कोण देणार, याचा खुलासा अजून झालेला नाही.

त्याआधी २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला. शास्त्रज्ञ म्हणाले, हा पृष्ठताण आहे. चमच्यातले दूध मूर्तीला टेकले की ओढले जाते आणि पातळ ओघळ होऊन खाली उतरते. रंगीत दूध वापरून त्यांनी तो ओघळ दाखवलासुद्धा. बाप्पाच्या पोटात न जाता दूध मोरीत गेले, हे भक्ताला सांगून काय मिळवले?

हा उपद्रव एका धर्मापुरता नाही, हे मात्र कबूल करायला हवे. २०१२ मध्ये विलेपार्ल्यातल्या एका चर्चमध्ये क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. विवेकवादी सनल एडामारुकू आले, त्यांनी भिंतीमागे पाहिले आणि सांगितले, की तुंबलेल्या नाल्याचे पाणी भिंतीतून वर चढते आहे. तक्रार झाली, नाल्याविरुद्ध नव्हे, एडामारुकूंविरुद्ध. ते फिनलंडला गेले. नाल्याच्या भावना दुखावल्या होत्या, दुसरे काय!

शिवाय ही मंडळी पैशाचा माज दाखवतात. चमत्कार तपासणीत सिद्ध करा आणि २१ लाख रुपये घेऊन जा, असे महाराष्ट्र अंनिसचे आव्हान आहे. आजवर थैली कुणी नेलेली नाही. सिद्धपुरुषांना पैशाचा मोह नसतो, याहून मोठा पुरावा कोणता हवा? भक्तांकडून ते घेतात ते निव्वळ भक्ताचे मन मोडू नये म्हणून.

तेव्हा सरकारने आता एकदाच नियम करावा. दावा करणाऱ्याला पुरावा मागू नये. शंका घेणाऱ्याने मात्र आपण शुद्ध हेतूने शंका घेत आहोत याचा पुरावा, चारित्र्याचा दाखला आणि दोन जामीनदार द्यावेत. प्रत्यक्षात नियम असाच आहे. फक्त राजपत्रात छापायचा राहिला आहे.

उलटा कायदा करायला किती वेळ लागतो, तेही पाहा. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर १८ वर्षे खेटे घालत होते. देवपूजेला त्यात हात लावलेला नव्हता. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करू नका, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ द्या, अशा त्यातल्या गोष्टी. तरी धर्म बुडणार म्हणून ओरड झाली, मसुदे बदलले, अधिवेशने सरली. मग २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात पुलावर फिरायला गेलेल्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेश मंजूर केला, डिसेंबरात कायदा झाला. मारेकरी म्हणून दोघांना जन्मठेप व्हायला मात्र २०२४ उजाडले.

अठरा वर्षे न सापडलेला मुहूर्त एका खुनाने एका दिवसात सापडला. तो मुहूर्त कुठल्याही पंचांगात नव्हता. काढला होता राज्यकर्त्यांनीच, आणि तोवर वाट पाहण्याचे पापही त्यांचेच.